सर्वांत मागे चालणारा

(गिरिभ्रमण वर्गात चढाईच्या पूर्वसंध्येला खिरेश्वर येथे केलेले भाषण)



उद्या पहाटे आपण टोलार खिंडीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढणार आहोत. खिंडीपर्यंतची चढण दम काढते. त्यापुढे उभ्या कातळाचा टप्पा आहे. तेथे आधाराला लोखंडी कठडे आहेत. तो पार केला की झाडीतून जाणारी लांबच लांब वाट लागते. मग मंदिर आणि त्याच्या पलीकडे कोकणकडा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचत गेले आणि त्यातून सह्याद्रीचा हा कातळ घडला. कड्याचा मध्यभाग आत वळलेला असून वरची कड पुढे आलेली आहे. म्हणूनच जाणते लोक तेथे उभ्याने डोकावत नाहीत. ते पालथे पडून, सरपटत कडेपर्यंत जातात आणि मग खाली कोकण पाहतात. इतके भव्य दर्शन घ्यायचे, तर आधी जमिनीला छाती टेकवावी लागते!

आज मात्र मला तुमच्यासमोर माझी एक चूक सांगावयाची आहे. अनेक वर्षांपूर्वी बारा जणांना घेऊन मी याच वाटेने निघालो होतो. निघण्यास उशीर झाला होता. आमच्यात एक निवृत्त शिक्षक होते. खिंडीतच त्यांचे गुडघे दुखू लागले. "आता थोडेच राहिले," असे मी म्हणालो. ते खोटे होते आणि ते मला ठाऊक होते. एका तरुणाला त्यांच्यासोबत ठेवून उरलेल्यांना घेऊन मी झपाझप पुढे गेलो. दिवसाउजेडी कड्यावर पोहोचण्याचा मान मला हवा होता.

मंदिरापाशी पोहोचलो तेव्हा धुके उतरले होते. संख्या घेतली, ती दहा भरली. गुरुजी आणि तो तरुण झाडीतल्या ढोरवाटांमध्ये वाट चुकले होते. आम्ही हाका मारीत राहिलो. धुक्यात आवाज कोणत्या दिशेने येतो तेही उमगेना. अखेर पाचनईचा एक गुराखी अंधार पडताना दोघांना घेऊन आला. त्या रात्री लेण्यात मला झोप लागली नाही.

सकाळी कड्यावर गेलो. पाठीशी सूर्य, समोर दरीत धुके आणि त्या धुक्यावर रंगांचे संपूर्ण वर्तुळ! हेच इंद्रवज्र. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने या भागात पाहिलेल्या अशा वर्तुळाची नोंद १८३५ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. प्रत्येक जण आनंदाने ओरडू लागला, "वर्तुळाच्या मध्यभागी माझी सावली आहे!" गुरुजी हसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "येथे प्रत्येकाला स्वतःचेच डोके मध्यभागी दिसते. काल तुम्हालाही तसेच दिसत होते."

शब्दांत राग नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. निसर्गाचा नियमच तसा आहे: इंद्रवज्रात प्रत्येकाला आपल्याच मस्तकाच्या सावलीभोवती वलय दिसते, शेजाऱ्याच्या नाही. पण कड्यावर उभे राहून हे विसरणाऱ्याने इतरांचे नेतृत्व करू नये.

तेव्हापासून मी तीन नियम पाळतो. गती सर्वांत मंद चालणाऱ्याची. सर्वांत अनुभवी माणूस सर्वांत मागे. आणि ठरलेल्या वेळी कडा दिसला नाही तरी माघारी फिरायचे. परत फिरणे ही हार नव्हे. कडा कोट्यवधी वर्षे तेथे आहे, तो पुढच्या खेपेलाही असेल.

उद्या इंद्रवज्र दिसेलच असे मी सांगत नाही. त्याला ऊन आणि धुके यांचा मेळ जमावा लागतो. खिंडीत, कातळटप्प्यानंतर, मंदिरापाशी आणि परतताना पायथ्याशी मी संख्या विचारीन. ती पूर्ण भरली, तरच आपली चढाई पूर्ण झाली असे समजा. मी स्वतः उद्या सर्वांत मागे चालणार आहे.

आता लवकर झोपा. पहाटे चारला उठायचे आहे.