जुने यंत्र घेताना वॉरंटीचे काय?

हळदीची, सोयाबीनची पट्टी हातात आली की आपल्या हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा, सेनगाव भागात जुन्या यंत्रांचे सौदे सुरू होतात. कोणी ट्रॅक्टर घेतो, कोणी पाणबुडी मोटर, कोणी हळद शिजवायचा कुकर. विकणारा म्हणतो, "दादा, अजून वॉरंटी आहे, बिनघोर घेऊन जा." ही वॉरंटी मालाबरोबर आपल्याकडे येते का? आज तेवढेच समजून घेऊ.

वॉरंटी म्हणजे कंपनीने दिलेला शब्द. तो कोणाला दिला, हे कार्डावर छापलेले असते. "फक्त मूळ खरेदीदारास" असे छापले असेल, तर आपल्याला तिचा उपयोग नाही. काही कंपन्या नव्या मालकाचे नाव लावून घेतात. पण त्यासाठी आपण कळवावे लागते. नाव लागले तरी मुदत नव्याने सुरू होत नाही. दोन वर्षांच्या वॉरंटीतले सोळा महिने गेले असतील, तर आपल्या वाट्याला आठच आले. ट्रॅक्टरला चालवलेल्या तासांचीही मर्यादा असते. जी आधी भरेल ती धरतात.

म्हणून इसार देण्याआधी एवढे करा :

1) पक्के बिल आणि वॉरंटी कार्ड मागा. मोटरीच्या पट्टीवरचा नंबर बिलाशी जुळवा.

2) मोटर जळून बाहेर वाइंडिंग भरली आहे का, ते विचारा. बाहेर उघडलेल्या मोटरीची वॉरंटी कंपन्या बहुधा मानत नाहीत.

3) ट्रॅक्टरचे सर्व्हिस बुक, तासांचा मीटर, इंजिन व चेसिस नंबर तपासा. आर.सी. बुकावर बँकेचा बोजा नाही ना, ते पाहा. नमुना 29 व 30 भरून आर.टी.ओ.कडे नाव लावून घ्या.

4) अधिकृत विक्रेत्याला नंबर सांगून विचारा : वॉरंटी चालू आहे का? माझ्या नावावर होईल का? उत्तर लेखी घ्या.

वॉरंटी नसली म्हणून माल घेऊच नये, असे नाही. पण मग भाव त्या हिशोबाने करा. कागदावर नंबर, किंमत, माहीत असलेले दोष आणि किती दिवस दुरुस्तीचा खर्च कोणाचा, हे लिहून दोघांच्या व साक्षीदारांच्या सह्या घ्या. विकणारा गावातलाच, सोयरा असला की कागद मागायला संकोच वाटतो. पण भीड ही भिकेची बहीण.

जुन्या मालाचा धंदा करणाऱ्याने खोटे सांगून माल गळ्यात मारला, तर 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. माल जुना आहे म्हणून तक्रारीचा हक्क जात नाही. 1915 या क्रमांकावर सल्ला मिळतो. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. 5 लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मात्र तिथेही पहिला प्रश्न कागदाचाच येईल.

तेव्हा मंडळी, बैल घेताना आपण दात मोजतो, तसे यंत्र घेताना कार्ड वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकराकडून वाचून घ्या. पण पैसे त्यानंतरच मोजा.