संमतीची सही
(हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या मनात एकच मागणी असते: डॉक्टरांनी काहीतरी करावे. ही मागणी स्वाभाविक आहे. परंतु ‘काहीतरी केले’ आणि ‘उपयोग झाला’ या दोन गोष्टी एक नव्हेत. त्यांतील भेद वैद्यकीय चाचणीवाचून उमगत नाही.

करोनाच्या काळात बऱ्या झालेल्या माणसांचा रक्तद्रव, म्हणजेच प्लाझ्मा, मिळवण्यासाठी देशभर कुटुंबे वणवण फिरत होती. त्यामागील तर्क बिनतोड वाटे: बऱ्या झालेल्याच्या रक्तात विषाणूशी लढणारी प्रतिपिंडे असतात, ती रुग्णाला दिल्यास तो तरेल. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये हा तर्क पारखून पाहिला. ‘प्लॅसिड’ नावाच्या या चाचणीत ३९ रुग्णालयांतील ४६४ मध्यम आजारी रुग्ण सहभागी झाले. प्लाझ्मा कोणाला द्यायचा, हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठी टाकावी तसे ठरवण्यात आले. कारण डॉक्टरांनी निवड केली असती, तर दोन्ही गट सारखे राहिले नसते आणि तुलना खोटी ठरली असती. २८ दिवसांच्या अवधीत प्लाझ्मा मिळालेल्यांपैकी १९ टक्के रुग्णांचा आजार बळावला किंवा मृत्यू ओढवला. न मिळालेल्यांत हे प्रमाण १८ टक्के होते. तर्क बिनतोड होता, उपयोग मात्र दिसला नाही. मे २०२१ मध्ये प्लाझ्मा राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून वगळला गेला.

याच पद्धतीने ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त औषध तपासले गेले. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांत २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ४१ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर आले. ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती, त्यांना मात्र लाभ आढळला नाही. औषध कोणाला द्यावे इतकेच नव्हे, तर कोणाला देऊ नये, हेही त्यामुळे कळले.

या आकड्यांमागे माणसे आहेत. ‘नवा उपचार कदाचित मिळणार नाही’ हे समजून घेऊन कोणीतरी कागदावर सही केली. अतिदक्षता विभागात रुग्ण अनेकदा शुद्धीवर नसतो. तेव्हा ही सही पत्नीला, मुलाला, भावाला करावी लागते. ती घाईत किंवा भीतीपोटी होऊ नये, यासाठी नियम आहेत. चाचणीला नैतिकता समितीची मान्यता लागते. नकार दिल्यास नेहमीचे उपचार थांबत नाहीत. दिलेली संमती केव्हाही मागे घेता येते. संमतिपत्रातील माहिती सही करणाऱ्याला समजणाऱ्या भाषेतच द्यावी लागते.

या शेवटच्या नियमाचे मोल मराठी मुलखाबाहेर मराठी शाळा जपणाऱ्या पालकांना वेगळे सांगायला नको. परप्रांतातील रुग्णालयात, रात्री दोन वाजता, हाती आलेला कागद न समजता सही करणे म्हणजे संमती नव्हे. ‘हे मला माझ्या भाषेत सांगा’ असे म्हणणे हा उद्धटपणा नसून हक्क आहे.

शाळेत शिक्षक मुलांना उत्तर ताडून पाहायला शिकवतात. रुग्णशय्येजवळचे संशोधन हीच शिकवण पाळते. फरक इतकाच, की तेथे चुकलेल्या उत्तराची किंमत गुणांत मोजली जात नाही. जे डॉक्टर ‘अजून ठाऊक नाही’ असे प्रामाणिकपणे सांगतात आणि जी कुटुंबे प्रश्न विचारून, समजून सही करतात, त्या दोघांच्या ऋणावरच पुढच्या रुग्णाचे प्राण उभे असतात.