गडी बाद कुणी केला?

(धाराशिव येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



खो-खोच्या सामन्याची बातमी वर्तमानपत्रात कशी छापून येते हे तुम्हाला मी सांगायला नको. विजयी संघ, गुण, आणि मग प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे कंसात दोन आकडे. किती मिनिटं संरक्षण केलं आणि किती गडी बाद केले. या गावात ही कंसातली भाषा शाळकरी पोरांनाही वाचता येते. आज मला या कंसात न मावणाऱ्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे. गडी ज्याच्या नावावर लागतो, त्यानंच तो बाद केलेला असतो का?

पत्रिकेवर अमेरिकन फुटबॉलचं नाव पाहून काही जण दाराजवळच्या खुर्च्या धरून बसलेत, असं दिसतंय. त्यांनी निर्धास्त पुढे यावं. मी तिकडे जाणार आहे, पण आपल्या मैदानावरूनच.

आपल्या मैदानाची रचना डोळ्यांपुढे आणा. 27 मीटर लांब, 16 मीटर रुंद. दोन टोकांना दोन खांब, त्यांना जोडणारी मधली पाटी, पाटीवर आठ चौकोन आणि त्यांत आठ जण, एकाचं तोंड इकडे तर शेजारच्याचं तिकडे. नववा पाठलागावर. पळणारे एका वेळी तिघे. आता नियम काय म्हणतात? पाठलाग करणाऱ्यानं मधली पाटी ओलांडायची नाही. एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत वळायचं नाही. बसलेल्या दोघांच्या मधून जायचं नाही. पळणाऱ्याला मात्र यातलं एकही बंधन नाही. तो हवा तिथं वळेल, हवा तिथून पलीकडे जाईल. म्हणजे हा खेळ मुद्दामच असा बांधलाय की एकटा माणूस, कितीही वेगवान असो, तयारीच्या गड्याला पकडू शकणार नाही.

त्यावरचा उपाय म्हणजे खो. तो पाठीमागून, हात लावून आणि तोंडानं म्हणून द्यायचा असतो. ‘पाठीमागून’ या अटीत सगळी मेख आहे. मी पूर्वेकडून धावतोय, तर मला पाठ कुणाची मिळणार? ज्याचं तोंड पश्चिमेला आहे त्याची. म्हणजे प्रत्येक खो हल्ला पलीकडच्या बाजूला नेतो. त्याच बाजूला राहायचं असेल तर खो देता येत नाही, मलाच पळत राहावं लागतं. पळणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. म्हणूनच तो साखळी खेळतो. एकेरी साखळीत दर एका बसलेल्या गड्याआड वळतो, दुहेरीत दोघांआड. तुम्ही खो देऊन हल्ला पश्चिमेला नेलात की तो पूर्वेला येतो. घड्याळ चालू राहतं, आणि नऊ मिनिटांच्या पाळीतली दोन-अडीच मिनिटं एकटाच खाऊन टाकतो.

ही साखळी वेगानं तुटत नाही. ती तोडायला गड्याच्या वाटा एकेक करून कमी कराव्या लागतात. चांगल्या संघाचा हल्ला बारकाईनं पाहा. पहिली मुलगी पळणारीच्या जवळ जाऊनही खो देत नाही. ती एक चौकोन जास्त धावते आणि अगदी शेवटच्या क्षणी, बसलेल्या मुलीच्या चौकोनाची आडवी पाटी सुटण्याआधी, खो देते. पळणारीचा अंदाज चुकतो आणि वळायच्या जागी ती सरळ धावते. दुसरी मुलगी तिला पकडायला जातच नाही. ती फक्त आतली बाजू धरून धावते, म्हणजे पळणारीला खांबाकडे जाण्यावाचून वाट उरत नाही. खांबापाशी साखळी संपते, कारण तिथं पाठलाग करणाऱ्यालाही वळता येतं. तिथं तिसऱ्या मुलीला खो मिळतो, ती सूर मारते, पंचांची शिट्टी होते, टाळ्या पडतात. दुसऱ्या दिवशीच्या कंसात तिसरीचं नाव. पहिल्या दोघींचं काय?

बसलेल्यांची अडचण तर वेगळीच आहे. त्यांना अर्धंच मैदान दिसतं. पाठीमागं काय चाललंय ते पावलांच्या आवाजावरून ओळखायचं. पाठीवर हात पडला की डोळ्याची पापणी लवते तेवढ्या वेळात उठायचं, पाहायचं आणि दिशा घ्यायची. घेतलेली दिशा बदलता येत नाही. बाहेरून प्रशिक्षक ओरडत असतात, पण ते शब्द कानात शिरेपर्यंत तिचा खांदा वळलेला असतो.

यात आणखी एक गुंता आहे, आणि मला तो या खेळातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. खो देणारी मुलगी खो घेणारीच्या जागी बसते. म्हणजे आठ जणींची बसण्याची रचना दर खोगणिक विस्कटते. कर्णधारानं खांबाजवळच्या चौकोनात उंच, लांब हातांची, सूर मारणारी मुलगी बसवलेली असते आणि मध्ये चटकन उठणारी. पाच खो झाले की खांबवाली मध्ये आणि मधली खांबाजवळ. आता गडीही मारायचा आणि मुली आपापल्या जागी परतही आणायच्या. कोणता खो गड्यासाठी आणि कोणता रचनेसाठी, हे बाहेरच्याला कळत नाही. कळलं तरी पटत नाही. पळणारी समोर असताना भलतीकडे खो दिला की प्रेक्षक शिव्या घालतात.

डाव लिहिण्याचा भागही आहेच. पळणाऱ्यांचा क्रम आधी गुणलेखकाकडे नोंदवावा लागतो. पहिल्या तिघांत कुणाला घालायचं यावर संघांत भांडणं होतात. सगळे भरवशाचे आधी पाठवले तर मागं कोण उरणार? आणि समोरच्यानं काय करायचं? तिघांतला सर्वांत चिवट गडी आधी मारायचा की शेवटी? आधी त्याच्यामागं लागलात तर बाकीचे दोघे कडेला उभं राहून दम खातात. शेवटी ठेवलात तर तो ताजातवाना मिळतो, पण एकटा सापडतो. मी दुसऱ्या मताचा आहे, आणि या सभागृहात निम्मे तरी माझ्या विरुद्ध असतील. तिसरा गडी बाद झाला की लगेच खो द्यावा लागतो आणि दोन खो होण्याआधी पुढचे तिघे आत यावे लागतात. त्या क्षणी हल्लेखोर संघाची रचना नीट बसलेली असेल तर आत येणाराच गोंधळतो.

हे सगळं धाराशिवला शिकवायची गरज नाही. 2016 साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतीय महिला संघानं सुवर्णपदक मिळवलं तेव्हा कर्णधार होती आपली सारिका काळे. 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या वाट्याला हा पुरस्कार तब्बल बावीस वर्षांनी आला होता. तिचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव याच गावचे. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला पहिला विश्वचषक झाला, अंतिम सामन्यात आपल्या मुलींनी नेपाळला 78-40 असं हरवलं, आणि त्या संघात आपली अश्विनी शिंदे होती. दोन खांब, फक्कीच्या रेषा आणि पाणी मारून दाबलेली माती एवढ्यावर हा खेळ उभा राहतो, हे या गावाच्या यशाचं एक कारण असेल. पण खांब आणि माती मराठवाड्यात सगळीकडेच आहे. इथं फरक पडला तो वर्षानुवर्षं त्याच मैदानावर उभं राहून शिकवणाऱ्यांमुळे.

आता अमेरिकेकडे. तिथल्या फुटबॉलमध्ये पाय फारसा कामाला येत नाही हे बहुतेकांना माहीत असेल. (2012च्या सुमारास आपल्याकडेही या खेळाची लीग काढण्याचा प्रयत्न झाला आणि त्यात पुणे मराठाज नावाचा संघ होता. रुजलं नाही.) अकरा विरुद्ध अकरा. चेंडू हातात असलेल्या संघाला चार संधींत दहा यार्ड पुढे जायचं. चेंडू घेऊन पळणारा एक, आणि त्याच्या पुढे पाच धिप्पाड गडी : मधला सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. या पाचांचं काम समोरच्यांना ढकलून वाट करून देणं. पकडून ठेवायचं नाही, ते नियमाबाहेर.

वाट करण्याच्या ढोबळमानानं दोन रीती. पहिलीत वाट आधीच ठरलेली असते. एका बाजूचे गडी समोरच्यांना तिरके आत दाबतात आणि पलीकडचा गार्ड आपली जागा सोडून ओळीमागून धावत येतो, ठरलेल्या फटीत पहिला घुसतो, पळणारा त्याच्यामागं. व्हिन्स लोम्बार्डी यांच्या ग्रीन बे संघानं 1960च्या दशकात असाच एक डाव इतका घोटला की समोरच्याला तो येणार हे माहीत असूनही थांबवता येत नसे. दुसऱ्या रीतीत वाट आधी ठरलेलीच नसते. पाचही जण एकाच बाजूला पाऊल टाकतात आणि जो आपल्या हद्दीत येईल त्याला ढकलतात. समोरचे त्या बाजूला सरकतात, सरकताना कुठं तरी फट पडते. पळणाऱ्यानं ती पाहायची, एकदाच वळायचं आणि मग मागंपुढं न पाहता घुसायचं. एकदाच वळायचं! आपल्या पोरींना हे वेगळं सांगावं लागणार नाही.

डेन्व्हर संघात अ‍ॅलेक्स गिब्स नावाचे प्रशिक्षक ही दुसरी रीत शिकवत. त्यांच्या ओळीमागं टेरेल डेव्हिस पळाला. नव्या खेळाडूंच्या 1995च्या निवडीत सहाव्या फेरीपर्यंत त्याला कुणी घेतलं नव्हतं, आणि 1998च्या हंगामात तो 2008 यार्ड धावला. साहजिकच त्याचा जयजयकार झाला. 1999 मध्ये त्याचा गुडघा गेला. त्याच्या जागी ओलँडिस गॅरी नावाचा नवखा आला आणि हजार यार्डांच्या पुढे गेला. पुढच्या वर्षी माइक अँडरसन आला, 1487 यार्ड. 2002 मध्ये क्लिंटन पोर्टिस, 1508. पळणारे बदलत गेले, आकडे येत राहिले. डेव्हिस मोठा खेळाडू होता यात शंका नाही. पण मधली फट तो तयार करत नव्हता. ती तयार करणाऱ्या पाचांच्या नावापुढे यार्डांचा रकानाच नसतो.

डाव सांगण्याची तऱ्हा मात्र आपल्याहून अगदी उलटी. तिथं दोन डावांमध्ये चाळीस सेकंदांचं घड्याळ असतं. 1994 पासून क्वार्टरबॅकच्या, म्हणजे मैदानावर डाव चालवणाऱ्या खेळाडूच्या, शिरस्त्राणात रेडिओ आहे. प्रशिक्षक कडेवरून रचना आणि डाव सांगतो, आणि घड्याळात पंधरा सेकंद उरले की आवाज बंद होतो. पुढचं क्वार्टरबॅकनं समोरची मांडणी पाहून ठरवायचं. वाटलं तर डाव तिथंच बदलायचा. सॅन फ्रान्सिस्कोचे बिल वॉल्श सुरुवातीचे डाव सामन्याआधीच लिहून ठेवत. त्यांच्या त्या यादीत केवळ पुढे जाणं हा हेतू नसे. अमुक डावाला समोरचा कसा सरकतो, हे पाहून ठेवायचं आणि तासाभरानं त्याचा फायदा घ्यायचा. उजवीकडे तीनदा पळालं की चौथ्या वेळी समोरचे आधीच उजवीकडे झुकतात, मग डावीकडे वळायचं. आपल्याकडे पहिले चार खो लवकर देऊन पाचवा उशिरा देणारी मुलगी हेच करते. तिला फक्त चाळीस सेकंद मिळत नाहीत, आणि कानात कुणी बोलत नाही.

जाता जाता वझीराबद्दल. 2022 साली अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली तेव्हा त्यात वझीर आला, म्हणजे कोणत्याही दिशेला धावू शकणारा हल्लेखोर. टीव्हीवर फार देखणा दिसतो. पण मला तो फारसा रुचत नाही. दिशेचं बंधन काढलं की खो देण्याची गरजच कमी होते, आणि सगळ्या संघाचा विचार एकाच्या पायांत येऊन बसतो.

पुन्हा त्या कंसाकडे येतो. अमेरिकेत आणि कॅनडात बर्फावरच्या हॉकीत गोल करणाऱ्याबरोबर त्याच्या आधी चेंडूऐवजीची ती चकती पुढे देणाऱ्या दोघांपर्यंत नोंद होते. आपल्या जिल्ह्यातल्या शालेय स्पर्धांत हे करून पाहायला काय हरकत आहे? गडी बाद झाला की मारणारीसोबत आधीच्या दोन खो देणाऱ्यांचे क्रमांक लिहायचे. त्यात खोट आहे, मला माहीत आहे. एखादीनं घाबरून दिलेला खोही नोंदला जाईल, आणि रचनेसाठी चार खो आधी दिलेला शहाणा खो सुटेल. पहिली दोन-तीन वर्षं या आकड्यांवर कुणाला बक्षीस देऊ नये. गुणलेखकाचं काम वाढेल, त्याच्या शेजारी आणखी एक जण बसवावा लागेल, आणि तो खो-खो खेळलेलाच हवा. तशी माणसं या सभागृहात दहा तरी आहेत. निम्म्यांना मी नावानं ओळखतो, कार्यक्रम संपला की थांबा.