सगळ्यांत जवळची निवडणूक



२०२२च्या पावसाळ्यातली गोष्ट. वारज्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या एक मावशी हातात कागद घेऊन आल्या. रहिवासाचा दाखला हवा होता. म्हणाल्या, "भाऊ, नगरसेवकाची सही आणायला सांगितलीय. आता आपला नगरसेवक कोण?"

मी म्हटलं, "मावशी, सध्या कोणीच नाही."

"कोणीच नाही म्हणजे? आपण मत दिलं होतं की!"

दिलं होतं, २०१७मध्ये. त्या सभागृहाची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि महापालिकेवर प्रशासक आले. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, प्रभागरचना पुन्हापुन्हा बदलत होती. कारणं खरी होती. पण त्या कारणांमध्ये जवळजवळ चार वर्षं गेली. एवढ्या मोठ्या शहराचं अंदाजपत्रक प्रशासकांनीच मांडायचं आणि प्रशासकांनीच मंजूर करायचं. कामं होत होती, नाही असं नाही. पण "हे काम आधी का, ते नंतर का?" असं भर सभेत विचारणारं कोणी नव्हतं.

वारजं १९९७मध्ये महापालिकेत आलं. त्याआधी इथं ग्रामपंचायत होती. सरपंच रस्त्यात भेटायचा, त्याला लोक चारचौघांत जाब विचारायचे. गाव शहरात गेलं, तसा विचारायचा माणूस थोडा लांब गेला, पण होता. २०२२नंतर तोही उरला नाही. आणि खरं सांगू? आमच्यातल्या पुष्कळांना त्याचं फारसं काही वाटलंही नाही. मला चिंता वाटते ती याची.

लोकशाही म्हटलं की आपल्याला दिल्ली आठवते. लोकसभेची निवडणूक चार वर्षं लांबली असती तर देश पेटून उठला असता. गल्लीतली निवडणूक लांबली तर आपण म्हणतो, होईल कधीतरी. हे फक्त आपलंच नाही, शेजारच्या देशांतही असंच घडलं आहे.

श्रीलंकेत १९३१मध्येच सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांना मताधिकार मिळाला, आपल्या कितीतरी आधी. त्याच श्रीलंकेत २०२३मध्ये पैसे नाहीत म्हणून स्थानिक निवडणुका पुढे ढकलल्या. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०२४मध्ये सांगितलं की, यात नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग झाला. मतदान झालं मे २०२५मध्ये.

नेपाळात तर १९९७नंतर गावोगाव स्थानिक निवडणूक झाली ती एकदम २०१७मध्ये. एक अख्खी पिढी गावचा प्रतिनिधी न निवडताच मोठी झाली. पण २०१७मध्ये झाली तेव्हा प्रत्येक वॉर्ड समितीत दोन स्त्रिया आणि त्यांतली एक दलित, असा नियम घेऊन झाली. २०२५मध्ये तरुणांच्या आंदोलनात काठमांडूचं सरकार कोसळलं, तेव्हा लोकांनी निवडलेल्या गावपालिका-नगरपालिका मात्र जागेवर राहिल्या. वरचा मजला हलला, तरी खालचा उभा होता.

म्हणजे खालचा मजला असला की झालं, असंही नाही. पाकिस्तानात अयूब खान यांनी १९५८मध्ये सत्ता घेतली आणि पुढच्याच वर्षी गावोगाव स्थानिक मंडळं काढली. त्यांच्या ऐंशी हजार सदस्यांकडून १९६०मध्ये स्वतःच्या अध्यक्षपदावर होकार घेतला. प्रौढ मतदानावर देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायला मात्र १९७० उजाडलं. हुकूमशहाला पंचायत चालते, संसद चालत नाही. आणि निवडून आलेल्या पुढाऱ्यांना अनेकदा संसद चालते, पंचायत नको असते. कारण तिथं नवा माणूस तयार होतो, उद्या तोच समोर उभा राहतो. लोकशाही टिकते ती हे दोन्ही मजले एकमेकांवर नजर ठेवून असतात तेव्हा.

आपल्याकडे हे ओळखूनच १९९२च्या त्र्याहत्तराव्या आणि चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं लिहून ठेवलं की, पंचायत असो की पालिका, मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे. २०११मध्ये महाराष्ट्रानं स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या. एरवी घराबाहेर ज्यांचं नाव कोणी घेतलं नसतं, अशा कितीतरी बायका त्यामुळे खुर्चीवर बसल्या. निवडणूक थांबते, तेव्हा ही वाटही थांबते. मोठ्या माणसाला मंत्रालयात ओळख असते. दाखल्याचा कागद घेऊन फिरणाऱ्याला नगरसेवकाचंच दार असतं.

अखेर सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५मध्ये निवडणुका घ्यायला सांगितलं आणि पुण्यात १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झालं. शाळेतल्या रांगेत मावशी माझ्या पुढेच होत्या. चार जागांसाठी चार मतं, म्हणून आत त्यांना जरा वेळ लागला. बाहेर आल्यावर विचारलं, "आता पुन्हा पाच वर्षांनी ना?"

मी म्हटलं, "हो. कायद्यात तसंच लिहिलंय."

मावशी म्हणाल्या, "लिहिलेलं तर मागच्या वेळीही होतंच की, भाऊ. या वेळी तारीख आपणच लक्षात ठेवू."