चिऊच्या दारातला काऊ
(कारेगाव, ता. शिरूर येथील कुटुंब मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीने कारेगावचे रूप पालटून टाकले. पोटापाण्यासाठी दूरदूरच्या जिल्ह्यांतून आणि परप्रांतांतून आलेली कुटुंबे येथे भाड्याच्या खोल्यांत राहतात. भिंतीला भिंत लागलेली असूनही शेजाऱ्याचे नाव ठाऊक नसते. अशा गावाने लोककथेवर बाहुल्यांची एक छोटी संगीतिका बसवावी, ही सूचना वरवर करमणुकीची वाटेल. तिच्यामागचा विचार मात्र गंभीर आहे.

बाहुली आणि संगीत यांचे नाते या मातीला नवे नाही. सूत्राने नाचणाऱ्या सायखड्याचा दृष्टान्त ज्ञानेश्वरीत येतो. १८४३ साली सांगलीत श्रीमंत चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ सादर करणाऱ्या विष्णुदास भावे यांनी लाकडी बाहुल्याही घडविल्या होत्या. त्या जीर्ण बाहुल्यांना पुढे रामदास पाध्ये यांनी पुन्हा रंगमंचावर उभे केले. युरोपात मान्युएल दे फाया या स्पॅनिश संगीतकाराची बाहुल्यांसाठी रचलेली छोटी संगीतिका १९२३ मध्ये रंगमंचावर आली. तिचे कथानकही त्याने आपल्याच भाषेतील ‘डॉन किहोते’मधून घेतले होते.

महाराष्ट्रात ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जपली ती सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजाने. सावंतवाडी संस्थानाच्या काळात कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ आणि चित्रकथी यांना राजाश्रय होता. तो सरल्यावर ही कला ओसरू लागली. परशुराम गंगावणे यांनी मात्र घरच्या गोठ्यातच संग्रहालय उभे केले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पुरस्काराने कलावंताचा गौरव होतो. कला जगते ती खेळांवर. राजाश्रय गेला तेथे समाजाचा आश्रय उभा राहिला पाहिजे. पिंगुळीच्या कलावंतांना कौतुकासाठी नव्हे, तर गुरू म्हणून, योग्य मानधन देऊन बोलवावे.

संगीतिकेसाठी कथा निवडावी ती घराघरांत ठाऊक असलेली, काऊ-चिऊची. पावसात काऊचे शेणाचे घर वाहून जाते. तो चिऊच्या मेणाच्या घरापाशी येतो आणि दार उघडण्याची विनवणी करतो. बाळाला न्हाऊ घालायचे आहे, तीट लावायची आहे, अशी एकेक सबब आतून ऐकू येते. विनवणी आणि उत्तर यांच्या या आवर्तनातच संगीताची बीजे आहेत. प्रत्येक विनवणीगणिक पावसाचा ताल वाढावा आणि चिऊचा स्वर हळूहळू मऊ होत जावा. तीन-चार गायक, पेटी, तबला, टाळ आणि दोन-तीन सूत्रचालक एवढ्यावर अर्ध्या तासाचा प्रयोग उभा राहू शकतो. मंदिराचा सभामंडपही त्यास पुरेसा आहे.

या कथेचा शेवट घरोघरी निराळा सांगितला जातो. कोठे दार उघडते, कोठे आत आलेल्या काऊला चटका बसतो. कारेगावच्या प्रयोगाचा शेवट कोणता असावा, हे गावातील आणि बाहेरून आलेल्या कुटुंबांतील मुलांनी एकत्र बसून ठरवावे. बाहुल्यांची सूत्रेही त्यांच्याच हाती द्यावीत. एका बाहुलीच्या दोऱ्या दोघांनी धरायच्या, तर आधी एकमेकांची नावे विचारावी लागतात. समरसतेचा आरंभ तेथूनच होतो.