बरणीतला केक आणि हिशोबाची वही
(घाटकोपर येथे बचत गटांतील स्त्रियांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज इथे बसलेल्या बऱ्याच जणी घरी केक करतात. कुणी ओव्हनमध्ये, कुणी अजूनही कुकरची शिटी काढून. 2020 च्या टाळेबंदीत कित्येक घरांतली कमाई थांबली, तेव्हा हे काम वाढलं. त्यातही काचेच्या बरणीत केक आणि क्रीमचे थर लावून दिलेली भेट राखीपौर्णिमेला, दिवाळीला, नाताळात खूप जाते.

भेट देणं आपल्याला नवं नाही. दिवाळीत फराळाचं ताट शेजारी जातं, नाताळात मरोळ-गोराईच्या ईस्ट इंडियन घरांतून केक येतो, आणि आलेलं ताट रिकामं परत करायचं नसतं. ही नाती सांभाळायला भट्टीपुढे उभी राहते ती बाई. भेटीवर नाव मात्र कुटुंबाचं, म्हणजे बहुधा नवऱ्याचं! तरीही करून देण्यात आनंद असतो, तो मी नाकारत नाही. माझा प्रश्न आहे तो या भेटीची ऑर्डर होते तेव्हाचा.

मुलुंडच्या एका गटात मी बायकांना एका बरणीचा खर्च लिहायला सांगितला. मैदा, साखर, लोणी, अंडी, बरणी, रिबीन, सगळं आलं. गॅस दोघींनीच लिहिला. स्वतःचा वेळ एकीनेही लिहिला नाही. विचारलं तर म्हणाल्या, "ताई, ते काय, घरचंच काम!" समजा दहा बरण्यांना खरेदीपासून भांडी घासण्यापर्यंत पाच तास गेले, आणि तासाचे नुसते 60 रुपये धरले, तरी बरणीमागे 30 रुपये होतात. ते किमतीत नसतील तर गिऱ्हाइकाला तेवढी भेट आपण पदरची देतो. वर नणंद म्हणते, "घरच्यांना कसले पैसे लावतेस?"

1959 साली गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड सुरू केले, त्यातून लिज्जत उभी राहिली. तिथे लाटणीचा दर किलोमागे ठरलेला असतो. पापड लाटणंही घरचंच काम होतं की! 1975 साली प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. त्याही घरातच रांधत होत्या. एकेकटीने भाव सांगितला की घासाघीस होते. गटाने एकच दर ठरवला तर ती कमी होते.

आता एक सावधगिरीची गोष्ट. काही जणी बरणीतच केक भाजतात आणि गरम असतानाच झाकण घट्ट लावतात. झाकण आत ओढलं जातं, म्हणून केक महिनोन्महिने टिकेल असं वाटतं. हे करू नका. लोणचं टिकतं ते मीठ, तेल आणि आंबटपणामुळे, मुरांबा साखरेमुळे. केक ओलसर असतो, आंबट नसतो, आणि बंद बरणीत हवा नसते. अशा जागी बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात. त्यांचं विष जिवावर बेतू शकतं, आणि वास-चवीवरून ते कळेलच असं नाही. शिवाय साध्या जॅमच्या बाटल्या भट्टीत तडकतात. केक वेगळा भाजून पूर्ण गार करा, मग धुऊन कोरड्या केलेल्या बरणीत भरा. क्रीमचा असेल तर फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवायला सांगा. लांब गावी पाठवायचं असेल तर मैदा, साखर, कोको असं कोरडं मिश्रण थराथराने भरा आणि कृती लिहून द्या. भाजतील त्यांचं ते!

विकणाऱ्यांनी अन्न परवान्याची नोंदणी करावी. 2006 च्या कायद्याखाली घरगुती उत्पादकही येतात. अर्ज बाईच्याच नावाने भरा, आणि पैसे जमा होणारं खातंही तिचंच असू द्या. चिठ्ठीवर केक केल्याची तारीख लिहा, अंडं आहे की नाही ते लिहा, करणारीचं नाव लिहा.

वह्या आणल्या आहेत ना? चहानंतर आपण एका बरणीचा हिशोब मांडू. पहिली ओळ वेळेची.