कोलेस्टेरॉलची गोळी आणि ‘ताकदीची’ गोळी
(गणेशोत्सवात रामपायली येथे दिलेले भाषण)



गोंदिया-नागपूरहून हृदयाचे उपचार घेऊन माणूस घरी येतो. चार-सहा महिन्यांत बरे वाटू लागले की स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, सुटते. बी-कॉम्प्लेक्स मात्र नेमाने चालू राहते. “ही ताकदीची, ती केमिकलची,” असे कारण आम्ही नेहमी ऐकतो.

बी जीवनसत्त्वांची आशा अगदीच निराधार नव्हती. रक्तातले होमोसिस्टीन वाढले की धमन्या बिघडतात, हा विचार अमेरिकेच्या डॉ. किल्मर मॅककली यांनी १९६९ मध्ये मांडला. फोलिक अ‍ॅसिड, बी-६ आणि बी-१२ ते उतरवतात. मग हृदयही वाचेल, असे वाटणे साहजिक होते. २००६ मध्ये नॉर्वेतील ३,७४९ रुग्णांच्या आणि ‘होप-२’मधील ५,५२२ रुग्णांच्या चाचण्यांचे निकाल आले. होमोसिस्टीन उतरले, हृदयाचे झटके कमी झाले नाहीत. ‘होप-२’मध्ये पक्षाघात थोडे कमी दिसले, एवढेच.

आता स्टॅटिन. धमनी म्हणजे आपल्या बांधीला पाणी देणारा पाट नव्हे. चरबी तळाशी साचत नाही, ती अस्तराखाली भिंतीत शिरते. तो फुगवटा फुटला की गुठळी होऊन झटका येतो. स्टॅटिनमुळे यकृत कोलेस्टेरॉल कमी बनवते, रक्तातले ओढून घेते आणि फुगवटा घट्ट होतो. १९९४ मध्ये ४,४४४ हृदयरुग्णांच्या स्कँडिनेव्हियन चाचणीत, सुमारे साडेपाच वर्षांत, गोळी न मिळालेल्या शंभरांतले १२ दगावले, मिळालेल्यांतले ८. आणि ‘केमिकल’ म्हणाल, तर जपानच्या अकिरा एंडो यांना पहिले स्टॅटिन बुरशीत सापडले!

बी-१२ मात्र आपल्याकडे खरोखर कमी असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ४४१ पुरुष तपासले. ६७ टक्क्यांत ते कमी निघाले. शाकाहारी घरांत आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत हे अधिक. तपासून कमी असेल तर जरूर घ्यावे, नसांसाठी आणि रक्तासाठी. स्टॅटिनच्या जागी नव्हे.

स्टॅटिनने अंग दुखत असेल तर डॉक्टरांना सांगा. मात्रा किंवा औषध बदलता येते. लघवी काळपट झाली तर त्याच दिवशी दाखवा.

आरतीला अजून वेळ आहे. ज्यांनी औषधांच्या चिठ्ठ्या आणल्या असतील त्यांनी पुढे यावे, एकेक पाहू.